उठा म्हणेपर्यंत

१

रविवारी सकाळी दुसरा चहा झाला की माझा नवरा मरायचा. कप विसळून ठेवायचे, मागच्या खोलीत जायचे, चष्मा काढून कपाटावर ठेवायचे आणि विचारायचे, "आज कुठं पडू?" मी जागा दाखवायची. कधी खिडकीखाली, कधी दाराशी, कधी टेबलावर डोकं टेकून. ते पडले की मी माझ्या कामाला लागायची.

मी खुनाच्या कादंबऱ्या लिहिते. बसल्या जागी डोळे मिटून खून रचणारे लेखक मला ठाऊक आहेत आणि त्यांच्या चुकाही ठाऊक आहेत. दारातून जे दिसूच शकत नाही ते त्यांच्या इन्स्पेक्टरला दिसतं. उजव्या कुशीवर पडलेल्या माणसाच्या उजव्या खिशातून तो अलगद किल्ली काढतो. माझ्याकडे असला कारभार चालत नाही. माझ्या प्रत्येक पुस्तकातलं प्रेत आधी आमच्या घरात पडलेलं असतं. पाय कुठवर पोचतो, दार किती उघडतं, कपाट सरकवताना दम लागतो का, सगळं मी स्वतः करून बघते. लोक विचारतात, बाई, तुम्हाला सुचतं कसं? मी सांगते, सुचत काही नाही, नवऱ्याला आडवा पाडते.

आमचा नियम एकच होता. मी "उठा" म्हणेपर्यंत उठायचं नाही. सुरुवातीला एकदा पायाला मुंग्या आल्या म्हणून ते मध्येच उठून बसले, माझं सगळं गणित विस्कटलं, आणि त्या पुस्तकातला खुनी चक्क बंद दारातून निघून गेला. वाचकांनी मला धारेवर धरलं. तेव्हापासून आम्ही दोघांनी कानाला खडा लावला. फोन वाजो की दूध उतू जावो, ते हलायचे नाहीत. एकदा मी त्यांना तसंच टाकून भाजी आणायला गेले. परत येते तर गृहस्थ तसेच पडलेले, गाढ झोपेत. "मेल्यावर झोप फार छान लागते," असं म्हणाले.

आणि उठले की दर वेळी एकच प्रश्न. "मला कुणी मारलं?" मी म्हणायची, अजून ठरलं नाही. ते खरंच असायचं. शेवटच्या प्रकरणापर्यंत खुनी कोण ते मी ठरवत नाही. मलाच माहीत नसेल तर वाचकाला काय डोंबल कळणार?

हे एवढं सांगितलं ते यासाठी की मी घाबरट बाई नाही. भुताखेतांच्या गोष्टी मी वाचत नाही आणि लिहितही नाही. घरात आवाज झाला तर कशाचा झाला ते बघते आणि झोपते.

२

प्रकाशकांचा फोन आला. "ताई, नुसता खून आता कुणी वाचत नाही. त्यात थोडं विज्ञान घाला."

जसं काही आमटीत मीठच घालायचं होतं. या माणसानं जन्मात एक ओळ लिहिलेली नाही. उंटावरून शेळ्या हाकायला मात्र कायम तयार. पण जमणार नाही असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा घालते म्हणाले.

अडचण मला पहिल्या दिवशीच दिसली. रहस्यकथा आणि विज्ञानकथा या दोघी जावा आहेत, एका ओट्यावर नांदत नाहीत. रहस्यकथा वाचकाला शब्द देते की इथं अशक्य काही घडणार नाही, तू फक्त नीट बघ. विज्ञानकथा म्हणते, आजपासून हेही शक्य आहे बरं का. खुनी यंत्रात बसून नाहीसा होणार असेल तर वाचकानं खिडकीची कडी का तपासावी? मी मार्ग काढला. खोटं एकच, आणि तेही पहिल्या पानावर, उघड्यावर सांगायचं. त्यानंतर सगळं पूर्वीसारखं काटेकोर. एक खोटं पचतं, दुसऱ्यानं अजीर्ण होतं.

ते एक खोटं मला जावयानं दिलं. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मुलगी आणि तो जेवायला आले होते, तेव्हा भात वाढून घेता घेता म्हणाला, "आई, माणसाचा दुसरा माणूस बनवणारं यंत्र घ्या की. केसाला केस, आठवणीला आठवण."

"आणि मूळचा माणूस?"

"तो फक्त बनवताना लागतो. नंतर नको असतो."

"नको असतो म्हणजे काय करतात त्याचं?"

"ते तुमचं खातं आहे, आई."

माझा घास हातात राहिला. बंद खोलीत एक शास्त्रज्ञ मरून पडला आहे, आणि इन्स्पेक्टरला बोलावून आणलंय त्या शास्त्रज्ञानंच. वा. खुनाच्या गोष्टीत कुणी मारलं हे शोधतात. या गोष्टीत आधी मेलं कोण ते शोधायला लागणार होतं. दोघी जावा एका ओट्यावर आल्या होत्या.

"म्हणजे मरायचंही मीच आणि इन्स्पेक्टरला चहाही मीच द्यायचा," माझा नवरा म्हणाला. "जावईबापू, दुसरा बनवाल तेव्हा झडप तेवढी नवीन बसवा." आम्ही सगळे हसलो. तेही हसले, हसता हसता खोकला लागला, आणि खोकला थांबेपर्यंत आम्ही आपापल्या ताटात बघत राहिलो.

त्यांच्या हृदयाची एक झडप गेली होती. शस्त्रक्रिया शरीर सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मला बाजूला घेऊन, जितके दिवस मिळतील तितके जपा, असंही म्हणाले होते. त्यांच्या श्वासाच्या शेवटी एक बारीक शीळ यायची. रात्री मी ती ऐकत झोपायची, थांबली की जागी व्हायची. हे मी कुठल्या पुस्तकात वापरलेलं नाही. त्यांच्याशिवायचं घर मला नको होतं, त्यात रहस्य काही नव्हतं.

"आई, आता तरी बाबांना मेलेलं पाडणं बंद कर," मुलगी निघताना म्हणाली.

"अगं, डॉक्टरांनी आडवं पडायलाच सांगितलंय," ते म्हणाले. "तुझी आई ते कामात धरते, इतकंच."

३

त्या रविवारी मी त्यांना मागच्या खोलीत कपाटापाशी पाडलं. डावी कूस, तोंड भिंतीकडे, उजवा हात कपाटाखाली गेलेला. दारातून चेहरा दिसायला नको होता. सगळा खेळ त्यावरच होता. इन्स्पेक्टरला मेलेल्याचा चेहरा दिसला की तो मागं वळून आपल्याला बोलावून आणणाऱ्याकडे बघणार, आणि मला ते इतक्या लवकर व्हायला नको होतं.

मी दारात उभी राहून पाहिलं. मग एक पाऊल आत येऊन पाहिलं. पाठ दिसत होती, शर्टाची घडी दिसत होती, कानाची पाळी दिसत होती. छान जमलं होतं. इतक्यात दारावरची घंटा वाजली.

प्रकाशकांचा माणूस मुखपृष्ठाचा नमुना घेऊन आला होता, आणि त्याला होकार तिथल्या तिथं हवा होता. मला त्यातला लाल रंग पसंत नव्हता. आमचं बोलणं ऐकून समोरच्या वहिनी बाहेर आल्या, त्यांनीही मत दिलं, मग गोष्ट बंद पडलेल्या लिफ्टवर गेली, लिफ्टवरून पाण्यावर. दार लावून मी आत आले आणि चहा टाकावा म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेले.

ते ओट्यापाशी उभे होते. चहा उकळत होता. वरच्या फळीवरचा साखरेचा मोठा डबा त्यांनी खाली उतरवला होता.

"उठलात?"

"हो."

"मी कधी म्हटलं उठा?"

"म्हणाली असशील की," ते म्हणाले आणि चहा गाळायला लागले.

मी म्हटलं नव्हतं. पण माणूस स्वतःचं बोलणं विसरतो, हे मी माझ्या साक्षीदारांकडून शिकले आहे. घंटा वाजल्यावर जाता जाता सवयीनं म्हटलं असेन. मी कप घेतला. चहा अगदी मला लागतो तसा होता, आलं जरा जास्त. ते उभ्या उभ्या प्यायले, तोंडानं गाण्याची शीळ वाजवत चपला घातल्या आणि खाली पेपर आणायला गेले. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मी आत डोकावले नाही. डोकावायचं कारणच काय होतं?

संध्याकाळी भांडी लावताना माझ्या लक्षात आलं. उठल्यावर त्यांनी विचारलं नव्हतं, मला कुणी मारलं.

४

आमच्या जिन्याच्या वळणावर सूचनांचा फळा आहे. तिथं ते दम घ्यायला थांबायचे आणि फळा वाचल्याचं सोंग करायचे. मी पिशवी नीट करण्याचं सोंग करायची. त्या आठवड्यात बाजारातून येताना मी सवयीनं थांबले, वर बघते तर ते दाराला किल्ली लावत होते. "काय गं, दमलीस?" त्यांनी वरून विचारलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, नळी दुसरीकडे ठेवून पुन्हा तपासली, सगळ्या चाचण्या नव्यानं केल्या. शेवटी म्हणाले, मागच्या वेळी यंत्रात काही बिघाड असावा. सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणत मुलगी फोनवर रडली. मी रडले नाही, पण जिना उतरताना गुणगुणत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. मी नवे पडदे आणले. त्यांनी स्टुलावर चढून ते लावले.

मग ती फरशीची गोष्ट झाली.

आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशी जुन्या आहेत. घरात साहेब मरून पडलेले असतात हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांना वळसा घालून त्या पुसून घेतात. त्या सकाळी मी शब्दकोश आणायला मागच्या खोलीत गेले. फरशी ओली, लख्ख होती. कपाटाजवळ मात्र एक लांबट जागा कोरडी राहिली होती, धूळ तशीच. तिच्या एका बाजूनं एक अरुंद पट्टा कपाटाखाली गेला होता.

"मावशी, हे का राहिलं?"

मावशी गॅलरीत फडकं पिळत होत्या. "साहेब पडलेत ना तिथं."

"कधी?"

"आत्ता पुसलं तेव्हा. मी म्हटलं राहू दे. तुम्हीच सांगून ठेवलंय, तुम्ही उठवल्याशिवाय हलवायचं नाही."

साहेब सकाळीच दाढीचं सामान आणायला बाहेर गेले होते. मी काही बोलणार इतक्यात कुलूप वाजलं आणि ते हातात पुडकं घेऊन आत आले. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. "कधी उठलात?" एवढं म्हणून त्यांनी बादली उचलली आणि मोरीकडे गेल्या. आमच्या घरात त्यांनी इतकं काय काय पाहिलेलं होतं की यात त्यांना नवल वाटलं नाही.

उरलेली जागा मी स्वतः पुसली. फडकं गार होतं आणि फरशी कोमट लागत होती. खालच्या मजल्यावरच्यांची शेगडी त्याच जागी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर आठवलं की खालच्यांचं स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला आहे.

५

मी लिहायचं टेबल बाहेरच्या खोलीत आणलं. कारण विचाराल तर उजेड बरा होता.

एका दुपारी मी लिहीत होते आणि ते समोर बसून मटार सोलत होते. मागून श्वास ऐकू आला. ओढलेला, अडलेला, आणि सोडताना शेवटी ती बारीक शीळ. मी मान वर केली नाही. डोळे तेवढे वर केले आणि त्यांच्या छातीकडे पाहिलं. छाती संथ वरखाली होत होती. तिचा ठेका वेगळा होता.

"ऐकू येतंय?"

"काय?"

"मागं."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली, मान कलती करून खरोखर मन लावून ऐकलं. "नळात हवा आली असेल," म्हणाले.

"हवाच असेल," मीही म्हटलं. मोरीत जाऊन नळ सोडला. पाणी सरळ, धारेनं आलं.

शंकेची पाल चुकचुकली की तिला चुकचुकत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी त्यांची उलटतपासणी घेतली. गप्पांच्या ओघात, त्यांना कळू न देता, माझा इन्स्पेक्टर घेतो तशी. पहिल्या भेटीत ते माझ्याशी काय बोलले होते, मुलीच्या बारशावरून झालेल्या भांडणात मी काय फेकून मारलं होतं, माझी कुठली दाढ पावसाळ्यात ठणकते. सगळी उत्तरं बरोबर. फेकलेलं भांडं कुणी दिलं होतं ते मी विसरले होते, तेही त्यांनी सांगितलं.

"अहो, तुम्ही हल्ली विचारत नाही."

"काय?"

"तुम्हाला कुणी मारलं ते."

ते हसले, आणि त्यांना खरंच काही कळलेलं नव्हतं. "मला कशाला कुणी मारेल? मी हा इथं बसलोय."

दुसऱ्या दिवशी मी जावयाला फोन केला. कादंबरीसाठी, असं सांगून. "समजा, मूळचा माणूस तसाच राहून गेला. कुणी विसरलं म्हण. मग?"

"मग दोन होतील."

"आणि दोघांनाही वाटेल की आपणच खरे?"

"वाटेलच. दोघांनाही सगळं आठवत असणार."

"ओळखायचं कसं?"

"आठवणींवरून नाही ओळखता येणार, आई. पण मूळच्या माणसाचं जे दुखत होतं ते त्याचं दुखत राहील. दुसऱ्यात आपण दुरुस्ती करून घेतली तर त्याचं दुखणार नाही." मग खूश होऊन म्हणाला, "हे घ्या पुस्तकात, छान आहे."

मी घेतलं. ते प्रकरण फार चांगलं उतरलं. मागचा श्वास ऐकू येत असतानाही मी चांगलं लिहू शकते, हे मला तेव्हा समजलं.

६

शेवटी एका दुपारी मी उठले आणि मागच्या खोलीत गेले. माझ्याच घरातल्या खोलीला मी किती दिवस वळसा घालणार होते?

खिडकीतून ऊन आलं होतं. पलंगावरची चादर ताणलेली, टेबल रिकामं, सगळं जिथल्या तिथं. कपाटावर चष्मा होता. मी तो उचलला. त्याच्या डाव्या काडीला मी काळा दोरा गुंडाळून दिला होता, तो दोरा होता. काचेवर अंगठ्याचा ठसा होता. मी तो हातात धरूनच मागं वळून पाहिलं. दोन दारांच्या पलीकडे ते ओट्यापाशी भांडी पुसत उभे होते. नाकावर चष्मा, डाव्या काडीला काळा दोरा. त्यांच्याकडे चष्मा एकच आहे, दुसरा करायचं आम्ही नुसतं बोलत आलो.

मी खाली बघितलं नाही. समोर बघत होते, म्हणून कपाटाखालचं जेवढं डोळ्याच्या कडेला आलं तेवढं आलं. तिथल्या अंधारात बोटं होती. त्यातलं एक बोट उचललं गेलं आणि फरशीवर हळूच टेकलं. पुन्हा उचललं, पुन्हा टेकलं. हात बधिर व्हायला लागला की ते असंच करायचे. प्रेतानं बोलायचं नसतं, म्हणून.

मग कपाटाखालून ते बोलले. घसा कोरडा होता.

"अगं, झालं का?"

मी चष्मा परत कपाटावर ठेवला.

"अजून वेळ आहे का? हात जड झालाय जरा." तक्रार नव्हती त्यात. जेवायला वेळ आहे का, असं विचारावं तसं विचारलं होतं. वाक्याच्या शेवटी ती शीळ आली.

माझ्या तोंडात शब्द आला होता. दोन अक्षरांचा तर शब्द. तो म्हटला की हे उठणार, छातीवर हात धरून पलंगाच्या कडेला बसणार, आणि मी पुन्हा रात्रभर श्वास ऐकत पडणार, तो थांबायची वाट बघत. आणि तिकडे भांडी पुसणाऱ्याचं काय होणार? घर एका नवऱ्याचं आहे. दोघांना ते ठेवून घेईल असं मला वाटेना. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

लग्न झाल्यापासून मी त्यांना नावानं हाक मारलेली नाही. त्या क्षणी मला नाव सुचलंही नाही. मी म्हटलं, "अहो."

"आलो," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"हं," कपाटाखालून आला.

एकाच वेळी, एकाच गळ्यातून. मी चौकट धरली आणि मला जे बोलता आलं ते बोलले.

"जरा थांबा. माझं अजून झालं नाही."

"बरं," कपाटाखालून आलं.

मी दार ओढून घेतलं. बाहेर ते हात पुसत उभे होते, काय हवं होतं म्हणून विचारत होते. त्यांचा चेहरा निरोगी दिसत होता, गाल भरले होते. मी म्हटलं, काही नाही, चहा टाका. मला जो माणूस जगायला हवा होता तो माझ्यासमोर जगत होता. कुणी मला सांगू नये की मी असं करायला नको होतं. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं ते ऐकायला तिथं मी एकटीच उभी होते.

७

कादंबरी वेळेत झाली. प्रकाशक म्हणाले, "ताई, विज्ञान आहे आणि खूनही आहे, कुठं शिवण दिसत नाही." शिवण माझ्या पुस्तकात कधीच दिसत नाही. मुलीनं हस्तलिखित वाचलं. "शेवट भयंकर आहे गं," म्हणाली, "खुनी कुणाला हातसुद्धा लावत नाही."

त्या दिवसांत मी मागच्या खोलीच्या दाराशी जायची. ते बाहेर गेले की जायची. दार उघडायची नाही. नुसतं म्हणायची, "थोडंच राहिलंय." आतून यायचं, "बरं." कधी लगेच, कधी उशिरानं. एकदा मी विचारलं, फार दुखतंय का? तर म्हणाले, "तू तुझं लिही." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरला आणि मग कणीक मळायला घेतली.

श्वास बारीक होत गेला. भिंतीला कान लावला तर यायचा. शीळ तेवढी अजून ओळखू यायची. मी ठरवलं होतं की उद्या म्हणू. उद्या मुलीला आणि जावयाला बोलावू, डॉक्टरांना बोलावू, सगळे जमले की म्हणू, म्हणजे काय होईल ते सगळ्यांच्या देखत होईल. माझी पक्की खात्री होती की उद्या माझ्या हातात आहे. तालमीचं घड्याळ इतकी वर्षं मीच तर चालवत होते.

दुपारची वेळ होती. ते पेपर वाचत होते. मी दाराशी गेले, ते घरात असतानाच गेले, कारण मला भिंतीतून काही ऐकू येईना. हळूच म्हटलं, "थोडंच राहिलंय."

मी थांबले. पुन्हा म्हटलं. मग मी दार उघडलं.

ऊन फरशीवर कपाटापर्यंत आलं होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि उठा म्हणाले. उठा आता, झालं माझं, उठा, पुरे, असं म्हणत राहिले. किती वेळ म्हणत होते कोण जाणे. मग मी कपाटाखाली हात घातला. हाताला हात लागला. त्याची कातडी, त्याची वाकडी करंगळी मला अंधारातही कळली असती. तो गार होता. मी तो धरला, आणि त्यानं मला धरलं नाही. मग माझ्या मुठीत काहीच राहिलं नाही, नुसती फरशी लागली.

"काय शोधतेस तिथं?" ते दारात उभे होते, पेपर हातात.

त्यांनी मला उठवलं. एका हातानं, सहज, त्यांना ते पूर्वी कधी जमलं नसतं असं. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. आत ठोके पडत होते, स्वच्छ, भरीव, एकामागून एक, आणि श्वास आला-गेला तरी त्याच्या शेवटी काहीही वाजत नव्हतं. मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर मी अशी रडले नव्हते.

"पुस्तक संपलं की तुला असंच होतं," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले. मी त्यांना घट्ट धरून माझ्या नवऱ्यासाठी रडत राहिले, आणि ते मला समजावत राहिले.